एकशे एक नंबरचं कुंकू

सोमवार, १ ऑक्टोबर २०१८

आज संस्थेत साहेब आला. औषध खात्याचा. आजवर आमच्याकडे आले ते सहकार खात्याचे साहेब. ते चहा पितात, ठरावांवर सही करतात आणि जाताना कुंकवाच्या दोन डब्या 'घरच्यांसाठी' नेतात. या साहेबानं चहा नाकारला. ठरावांचं रजिस्टरही उघडलं नाही.

त्यानं टेबलावर आमचीच डबी ठेवली. जगदंबा महिला सहकारी संस्था, अस्सल हळदीचं कुंकू. म्हणाला, "यात कापड रंगवायचा रंग सापडला. कुणाचं तरी कपाळ भाजलं, तक्रार आली, आम्ही नमुना तपासला. उत्पादन बंद करा. बाजारात गेलेला माल परत मागवा."

"कुणाची तक्रार?" मी विचारलं.

"नाव सांगता येत नाही. बॅच नंबर सांगा, म्हणजे तेवढाच माल काढता येईल."

"एकशे एक," आमच्या चेअरमन ताराबाई म्हणाल्या.

"आणि त्याच्या आधीची बॅच?"

"एकशे एक."

"नंतरची?"

"ती बी एकशे एकच की."

साहेबानं पेन खाली ठेवलं. बॅच नंबर म्हणजे काय हे त्यानं ताराबाईंना समजावून सांगितलं. लहान लेकराला सांगावं तसं. ताराबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सायब, कुंकवाच्या डबीवर काय दहा छापू? का तेरा? डबी हातात घेतली की बाईला दहावा-तेरावा आठवंल. एकशे एक लई चांगला आकडा हाय. आहेराचा."

थोडक्यात, गेल्या वर्षीचं चांगलं कुंकू आणि यंदाचं वाईट कुंकू दोन्ही एकशे एक. त्यामुळे सगळंच परत आणायचं.

"किती दिवसांत?" मी.

"तात्काळ."

"म्हणजे किती?"

"तात्काळ म्हणजे आठ-पंधरा दिवस. पण ते लिहून देता येत नाही."

यंदाचं वाईट कुंकू आलं कुठून, हे मला माहीत आहे. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावला की ती आपोआप लाल होते. यंदा पाऊस गेला, लिंबोणी वाळल्या, लिंबू सोन्याच्या भावाला भिडलं. तेव्हा परळीच्या एका व्यापाऱ्यानं तयार रंग दिला, म्हणाला, हळदीत कालवा, काम खतम. सभेत ठराव आला, सर्वानुमते मंजूर झाला. आमच्या संस्थेत लाल रंगही सर्वानुमते ठरतो.

साहेब गेल्यावर ताराबाई म्हणाल्या, "सचिवभाऊ, सौंस्था बंद पडली तर आमी दसऱ्यानंतर गाडीत." गाडी म्हणजे ऊसतोडीची. ही संस्था काढली तीच त्या गाडीत चढायला लागू नये म्हणून. मागच्या हंगामात गावातल्या बाया पहिल्यांदा दिवाळीला घरी होत्या.

घरी आलो. सिंधूला सगळं सांगितलं. ती हूं म्हणाली. हल्ली ती पदर पार भुवयांपर्यंत ओढून असते, घरातसुद्धा. माझ्याशी इतकी अदब तिनं लग्नाच्या मांडवातही दाखवली नव्हती.

बुधवार, ३ ऑक्टोबर

सहकार खात्यात फोन केला. ते म्हणाले, माल औषध खात्याचा, आमचा संबंध नाही. औषध खात्यात केला. ते म्हणाले, संस्था सहकारातली, परत घेण्याचा ठराव आधी सभेत करा. ठराव करायला सभा, सभेला नोटीस, नोटिशीला पंधरा दिवस. तात्काळ संपायच्या आत आमची सभासुद्धा भरत नाही.

साहेबाला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्ही लेखक आहात ना? नियम वाचा." वाचले. दुकानातून माल काढा, पेपरात जाहिरात द्या, लोकांकडचा माल गोळा करा, सीलबंद ठेवा, पंचांसमक्ष नष्ट करा, अहवाल द्या. कुंकू गोळा कसं करतात हे नियमात नाही. नियम करणाऱ्याला बायको नसावी.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

दुकानं सोपी गेली. पाटोद्याच्या बाजारात दुकानदारांनी डब्या अशा काढून दिल्या की जणू त्या त्यांच्या दुकानात कधी नव्हत्याच. एकानं तर आमच्या डब्यांबरोबर दुसऱ्या कंपनीच्या तीन फुटक्या बाटल्याही दिल्या. "परत घेताय तर हेबी घ्या की, सचिव."

संस्थेच्या मागच्या खोलीत पोती रचली. चतुराबाईंनी त्यांना काथ्या बांधला. चतुराबाई आमच्या पॅकिंगच्या मुख्य. त्यांच्या बौद्धवाड्यात कुंकू लावत नाहीत, म्हणून त्या गमतीनं म्हणतात, "मी तुमच्या सौभाग्याला टाका मारते, माझा काय संबंध न्हाई." आज गंमत केली नाही. "दुकानातलं आलं, शहादेवदादा. घरातलं कसं आणायचं?"

मी म्हणालो, जाऊन मागायचं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शनिवारी सुरुवात करायची ठरवली.

शनिवार, ६ ऑक्टोबर

पहिलं घर छबुबाईचं. ओट्यावर गहू निवडत होती. मी म्हणालो, "वहिनी, ते आपल्या संस्थेचं कुंकू परत द्या."

तिचा हात सुपातच थांबला. "काय परत द्या?"

"कुंकू."

"माझं कुंकू?"

"व्हय. सगळ्यांचंच मागतोय."

बाकीचं नीटसं आठवत नाही. सूप माझ्याकडे आलं हे आठवतं. आतून तिची सासू ओरडत आली, "कुणाचं कुंकू मागायला आलास रे भाड्या? माझं लेकरू ट्रॅक्टरवर हाय तिकडं!" गल्ली गोळा झाली. एकीनं माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. त्या छबुबाईसाठी होत्या की माझ्यासाठी, विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या घरात मी शब्द बदलले. "आपल्याकडे जी लाल पावडर आहे..." त्या बाईनं पोराला ओरडून सांगितलं, "आबाला बोलव रं, सचिव प्यालाय."

तिसऱ्या घरी गेलोच नाही.

सिंधूला सांगितलं तर ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, "बाईला कुंकू मागतात का कुठं?" मी म्हणालो, मग कसं मागू?  टिकली लावली होती तिनं. मोठी, चकचकीत, चिकटवायची, बीडहून आणलेली. सचिवाच्या बायकोनं संस्थेचं कुंकू सोडून टिकली लावावी! मी म्हणालोसुद्धा. "जिथं घरातच विक्री नाही, तिथं बाजारात काय होणार?" ती आत गेली.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी ती चष्म्यासाठी बीडला गेली होती. चष्म्याशिवाय परत आली, टिकल्या घेऊन. दुकान बंद होतं म्हणे. चष्म्याचं दुकान बंद आणि टिकल्यांचं उघडं, असला बाजार फक्त बायकांनाच सापडतो.

रविवार, ७ ऑक्टोबर

पेपरात माझं रविवारचं सदर, 'वाकडं बोट', आलं. त्या अज्ञात तक्रारदारावर मी मनसोक्त लिहिलंय. 'ज्याला गावच्या बाया उसाच्या फडातून घरी आलेल्या बघवत नाहीत, अशा कुणा नतद्रष्टाचं कपाळ भाजलं म्हणे. आमचा प्रश्न इतकाच, की आत काही होतं का भाजायला?' ही ओळ मला आवडली. चहाच्या टपरीवर दोघांनी टाळी दिली.

सिंधू माझं सदर पेपरला जायच्या आधी वाचते, तशी तिला सवय आहे. परवा म्हणाली होती, "शेवटची ओळ काढा." मी विचारलं, का. "लागती ती." मी म्हणालो, लागावी म्हणूनच लिहिली. नाही काढली.

आज तिनं सकाळचा पेपर उलगडलाच नाही. कांद्याच्या टोपलीखाली घातला.

त्याच पेपरात संस्थेची जाहिरातही आली. 'आपल्याकडील कुंकू तात्काळ परत करावे.' दुपारपासून फोन. मांजरसुंब्याहून एका बाईनं विचारलं की नवरा जिवंत ठेवूनही परत करता येतं का. परळीहून एकानं तर दमच दिला.

सोमवार, ८ ऑक्टोबर

ताराबाईंना युक्ती सुचली. त्या पहाटे हांडा घेऊन टँकरच्या लायनीत उभ्या होत्या, तिथं सुचली म्हणाल्या.

"बाई कुंकू कुणाला परत देत न्हाई. पण देवीला वाहती ना?"

"वाहते."

"मग झालं तर. नवरात्र तोंडावर हाय. पाऊस न्हाई. माळावरच्या आईला नवस बोलायचा, पावसासाठी. घरातलं समदं कुंकू, करंड्यातलं, डबीतलं, देव्हाऱ्यातलं, चिमूटभर न ठेवता आईला वाहायचं. जी वाहील तिला संस्थेकडून हळद."

मी म्हणालो, "पण ताराबाई, ही फसवणूक नाही का?"

"कावून? पाऊस नको का आपल्याला?"

 साहेबाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जमा करून घेणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"देवी."

"सही कोण करणार?"

देवळाची झाडलोट धुळाजी करतो. शेरडं राखतो आणि देवळाचंही बघतो. साहेब म्हणाला, त्याचा अंगठा चालेल.

बुधवार, १० ऑक्टोबर, घटस्थापना

माळावर अशी गर्दी मी जन्मात पाहिली नाही. दहा गावच्या बाया. डब्या, करंडे, पुड्या, पितळी पंचपाळं. छबुबाई सासूला घेऊन आली आणि माझ्याकडे बघून तोंड फिरवून देवीपुढं उभी राहिली. डबी उपडी केली, ठोकून ठोकून. शेवटचा कण बोटानं खरवडून काढला.

देवीचा तांदळा, तो शेंदरी दगड, दुपारपर्यंत दिसेनासा झाला. नुसता लाल ढीग. धुळाजीचे हात कोपरापर्यंत लाल. मी संस्थेच्या वतीनं हळद वाटत होतो आणि मनात म्हणत होतो, शहादेव, तू जिंकलास. सरकारला जे जमत नाही ते आईनं एका दिवसात केलं.

सिंधू आली नव्हती. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडं वाहायला न्हाई काही."

सोमवार, १५ ऑक्टोबर

साहेबाला घेऊन माळावर गेलो, ऐटीत. म्हणालो, हा बघा, सगळा माल एका जागी, पोती भरा आणि अहवाल लिहा.

ढीग अर्धाच होता.

"धुळाजी, बाकीचं कुठं गेलं?"

"गेलं की. परसाद."

"काय?"

"लोकं येत्यात नवरात्राचं. पाटोद्याचं, मांजरसुंब्याचं, परळीहून बी गाड्या आल्या. कुणी ऐकलं का हितं दहा गावचं कुंकू वाहिलंय, लई जागृत हाय. मग आईच्या दारातून मोकळ्या कपाळानं कुणाला लावून देऊ? कपाळाला बी लावतो, पुडी बी देतो."

साहेब देवळाच्या पायरीवर बसला. मीही बसलो. म्हणजे पूर्वी आमचं कुंकू पाटोदा तालुक्यात होतं. आता ते परळीपर्यंत गेलं, आणि तेही प्रसाद म्हणून. आता ते कुणी देवीलाही वाहणार नाही.

"धुळाजी, अरे त्यात रंग हाय बे, विषारी!"

"आईच्या अंगावरचं इषारी?" धुळाजीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात थुंकलो होतो. "तुमी लेखनातलं बघा, सचिव. हे माझं शेत हाय."

साहेब उठताना म्हणाला, "मी तुमच्या विरोधात नाही, समजून घ्या. एक करता येईल. ज्या व्यक्तीनं तक्रार केली तिनं लिहून दिलं, की माल परत घेतला गेला, माझं समाधान झालं, तर मी तसं वर पाठवतो. बंदी उठू शकते. नाही दिलं तर कारवाई. मग संस्था बंद."

"नाव तर सांगा."

"नाव सांगता येत नाही म्हटलं ना." थोडं थांबून म्हणाला, "पण तुम्ही हुशार आहात. तुमच्या सदरात बघितलं मी."

याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

बुधवार, १७ ऑक्टोबर

तक्रारदार शोधतोय. टपरीवर विचारलं, दवाखान्यात विचारलं. कंपाउंडर म्हणाला, कपाळाचे पेशंट बरेच आले, पण सगळे पदराआडचे. बायका सांगत नाहीत, नवऱ्याला तर नाहीच, कारण भाजलं म्हणायचं तर कुंकवानं भाजलं म्हणावं लागतं, आणि ते तोंडातून कसं काढायचं?

मला हे पटत नाही. नवऱ्याला न कळता बायकोचं कपाळ कसं भाजेल? एका घरात राहतात ना दोघं?

सिंधूला हेच म्हणालो. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "राहतात की," म्हणाली.

शनिवार, २० ऑक्टोबर

हे लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

संस्थेची सभा होती. दसरा झाला, ऊसतोडीचा मुकादम सुग्रीव दोन दिवसांपासून गावात फिरतोय. उचल घ्या, गाडी बुधवारी निघते म्हणतोय. बाया अस्वस्थ. मी उभा राहिलो, सगळी हकिगत सांगितली आणि म्हणालो, "आपल्यापैकी कुणाला तो तक्रारदार माहीत असेल तर त्याच्या पाया पडून सही आणू. मी पहिला पडतो."

"त्याच्या न्हाई," मागून आवाज आला. "तिच्या."

सिंधू. ती सभासद आहे, पण सभेत कधी बोलत नाही. उभी राहिली, पदर मागे घेतला आणि टिकली काढली.

कपाळाच्या मध्यभागी रुपयाएवढी जागा. काळी पडलेली, कडेनं सोललेली, मध्ये अजून ओली.

पुढच्या बाया मागे वळल्या. 

"मीच दिली तक्रार," ती म्हणाली. "बीडला गेले, डॉक्टरला दाखवलं, तिथूनच दिली."

ताराबाई उठल्या.  "सिंधे! तू? आपल्याच पोटावर पाय? अगं, दोन वर्षांमागं फडावर माझ्या कमरेचं काय झालं ते तुला ठावं हाय. मी परत तिकडं जाऊ का आता? तुझ्या एका कपाळासाठी?"

"एका न्हाई, ताराबाई. तुझी सून पदर का ओढती सारखी? विचार तिला."

ताराबाईंची सून मान खाली घालून बसली होती. ताराबाईंनी तिच्याकडे बघितलं. उठून जवळ गेल्या, पदर सरकवला. मग पुन्हा नीट ओढून दिला. खाली बसल्या.

मी म्हणालो, आणि आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते, मी काय म्हणालो तर, "सिंधू, मग तू लिहून दे ना. समाधान झालं म्हणून. घरचीच तक्रार आहे."

"समाधान झालं न्हाई."

"अगं, पण..."

"तुमाला मी श्रावणात सांगितलं, कपाळ चुरचुरतंय. पोळ्याला सांगितलं. गणपतीत सांगितलं. तुमी म्हणाला, थांब, माझं वाक्य जातंय. म्हणून परक्या सायबाला सांगितलं. त्यानं लिहून घेतलं." मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "जोवर त्या रंगाची एक पुडी बी कुणाच्या घरात हाय, तोवर मी सही देणार न्हाई. कुणी जातंय माझ्याबरोबर?"

चतुराबाई उठल्या. "चल. मला कुंकवाचं काय भ्या?"

मी घरी आलो. पेपरातली ती ओळ मला पाठ आहे. विसरायचा प्रयत्न करतोय.

सोमवार, २२ ऑक्टोबर

दोघी दिवसभर फिरतायत. सिंधू उघड्या कपाळानं. सवाष्ण बाई उघड्या कपाळानं गावभर! लोक बघतात. ती कुणाकडे काही मागत नाही. दारात उभी राहते, घरातली बाई कपाळाकडे बघते, आणि मग आपणहून आत जाते. कुणी पुडी आणते, कुणी स्वतःचा पदर सरकवून दाखवते. छबुबाईच्या सासूनं प्रसादाची पुडी आणून दिली आणि म्हणाली, "माझ्या सुनंला लावू नको म्हण. माझं ऐकत न्हाई."

म्हणजे बाईला कुंकू मागता येत नाही, पण बाईला बाईचं कपाळ दाखवता येतं. हे नियमात नाही. माझ्याही डोक्यात नव्हतं.

माळावर धुळाजी ऐकेना. सिंधू देवळात गेली, बाहेर उभ्या आम्हाला ऐकू येत होतं. ती म्हणाली, "धुळाजीमामा, हे बघ."  मग धुळाजी बाहेर आला आणि टँकरवाल्याला हाक मारली, "दोन हांडं दे रं. आईला आंघोळ घालायची हाय." लाल पाणी ओढ्यात जाऊ दिलं नाही त्यानं. पत्र्याच्या टिपात भरून झाकलं. "सायबाला सांगा, हे बी घिऊन जा."

परळीहूनही तीन गाड्या आल्या. कुणी काय सांगितलं कुणास ठाऊक. बायका खाली उतरल्या, पुड्या चतुराबाईंच्या ओटीत टाकल्या आणि परत गेल्या.

मी पोती बांधतो. मला तेवढंच सांगितलंय.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

ताराबाई सकाळी मांजरसुंब्याला गेल्या आणि ढाब्यांवरून पिशवीभर लिंबं घेऊन आल्या. "सॅलडाची हायत," म्हणाल्या. "एकानं फुकट दिली. म्हणला, देवीचं हाय का? मी म्हणलं, तुझ्या आईचं हाय." सिंधूशी त्या बोलत नाहीत. पण लिंबं तिच्या पुढ्यात ठेवली.

उखळात हळद कांडली. रस पिळला, टाकणखार घातला. दुपारच्या उन्हात ताटात लाली चढली. मंद, विटकरी, हळदीचा वास असलेली. गेल्या वर्षी हीच होती. आम्ही विसरलो होतो.

"साहेब म्हणतो, बनवू नका," मी म्हणालो.

"विकू नका म्हणतो," चतुराबाई म्हणाल्या. "आम्ही काय विकतोय?"

सिंधूनं ताट पुढं ओढलं, करंगळी बुडवली. कपाळाकडे नेली. ती जखम, अजून ओली.

मी तिचा हात धरला.

आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली. चारचौघांत मी तिचा हात कधी धरला नव्हता. सगळ्या बाया बघत राहिल्या. सिंधूही.  सदर लिहिणारा माणूस मी, आणि तोंडातून एवढंच निघालं, "थांब. आधी मला."

"तुमाला काय? तुमी काय बाई हायसा?"

"कपाळ तर आहे."

तिच्याच करंगळीवरचं कुंकू मी माझ्या कपाळाला लावून घेतलं. चांगलं भरून. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच. ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. "सचिवभाऊ, हळदीकुंकवाला बोलवावं लागंल आता तुमाला."

बुधवार, २४ ऑक्टोबर

सुग्रीवची गाडी सकाळी देवळापुढं उभी. भांडी, कोंबड्या, पोरं. दोन घरं चढली. त्यांनी उचल घेतली होती, त्यांना कोण अडवणार.

ताराबाई गाडीजवळ गेल्या. "सुग्रीवभाऊ, थोडे दिस थांब. सचिवाच्या कपाळाचं काय होतंय ते बघायचंय. काही झालं तर आमी येतो."

सुग्रीवनं माझ्याकडे बघितलं. लाल ठसठशीत कपाळ. "ह्याच्या कपाळासाठी गाडी थांबवू? येडे झालात का बे सगळे? कारखाना थांबत न्हाई, ताराबाई. याचं तर आता या. न्हाईतर पुढच्या वर्षी बी इचारणार न्हाई मी."

ताराबाई उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं बाया, डोक्यावर पदर घेऊन. मी ओट्यावर होतो. सगळ्या आळीपाळीनं माझ्याकडे बघत होत्या. मी कुणाकडे बघावं ते मला कळेना. इतक्या लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवल्याचा मला अनुभव नाही. लिहिणाऱ्याला तो नसतो.

"जा मग," ताराबाई म्हणाल्या.

गाडी गेली. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

शनिवार, २७ ऑक्टोबर

खाजतंय. की खाजेल या भीतीनं खाजतंय, हे ठरवता येत नाही. आरशात बघितलं तर लाल आहे, पण लाल असायचंच ते. टपरीवर विचारतात, "काय सचिव, अंगात येतं का?" एक जण म्हणाला, माझ्या मिसेसला दाखवू का तुम्हाला, ती घाबरते. तिला घेऊनही आला. ती जवळ येऊन बघून गेली.

सदर लिहिलं नाही या रविवारचं. संपादकाला सांगितलं, काही सुचत नाही. तो म्हणाला, पहिल्यांदाच.

सिंधू रोज सकाळी अंगठ्यानं माझ्या कपाळाची कड दाबून बघते.  दुखतंय का विचारते, मी नाही म्हणतो. खरं सांगतोय की नाही हे ती डोळ्यांत बघून ठरवते. तीस वर्षांत माझ्याकडे इतकं बारकाईनं कुणी बघितलेलं नाही.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

साहेब आला होता. पोती मोजली, टिप बघितलं. "हे काय?" आईच्या आंघोळीचं पाणी म्हणालो. त्यानं लिहिलं. कसं लिहिलं ते बघितलं नाही.

मग माझ्या कपाळाकडे बघत म्हणाला, "हे?" मी सांगितलं. त्यावर त्यानं फक्त पेन बंद केलं.

"तक्रारदाराला विचारायचंय," साहेब म्हणाला.

सिंधू आत होती. मी आत जाऊन म्हणालो, "साहेब आलाय. सही विचारतोय."

तिनं ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसलं, हळू, मधून कडेकडे. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. हनुवटी वर केली, खाली केली. मला वाटलं, काही म्हणेल. 'ठीक आहे', किंवा 'काही झालं नाही', किंवा त्या ओळीबद्दल काहीतरी, ज्याची मी आठवडाभर वाट बघतोय. काही म्हणाली नाही.

फडकं खुंटीला अडकवलं आणि बाहेर गेली. मी तसाच खिडकीशी उभा. सगळं संपलं की सुरू झालं, ते मला कळेना. ओट्यावर साहेब काहीतरी विचारत होता, ती काहीतरी सांगत होती, ऐकू येईना. बराच वेळ नुसते आवाज.

मग ताराबाईंचा आवाज आला, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"अगं बायांनो, लिंबं चिरा!"